स्प्रेडशीटमध्ये वॉफल चार्ट: शंभर चौकोनांत टक्केवारी नेमकी कशी बसवायची

शंभर_घरं (धागाकर्ता)

वॉफल चार्ट म्हणजे दहा बाय दहाची चौकट. एक चौकोन म्हणजे एक टक्का. ३७ टक्के दाखवायचे तर ३७ चौकोन रंगवायचे, उरलेले ६३ फिके ठेवायचे. पाय चार्टमधला कोन डोळ्यांना नीट मोजता येत नाही, इथे मात्र मोजता येतो: तीन ओळी पूर्ण आणि वर सात. एक्सेलच्या किंवा गूगल शीट्सच्या चार्टच्या यादीत हा प्रकार तयार मिळत नाही, त्यामुळे तो सेलमधूनच उभा करावा लागतो. एकदा सांगाडा केला की आकडा बदलला की रंग आपोआप बदलतात.

आधी एक सूचना. खाली फंक्शनची नावं आणि सेलचे पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाका. तुमच्या शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग वेगळी असेल तर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागू शकतो.

एकच टक्केवारी दाखवायची असेल तर:

१. बी२ मध्ये टक्केवारी लिहा, समजा ३७%. बी३ मध्ये =राउंड(बी२*१००,०) टाका. ही पायरी गाळू नका. शीटसाठी ३७% म्हणजे ०.३७ असतं. १ ते १०० या आकड्यांशी ०.३७ ची तुलना केली तर एकही चौकोन रंगत नाही. चौकट कोरीच राहते अशी तक्रार असेल तर आधी हीच जागा तपासा.

२. एच१ पासून क्यू१ पर्यंत १ ते १० लिहा. जी२ पासून जी११ पर्यंत वरून खाली ९०, ८०, ७० असं करत ० पर्यंत लिहा.

३. एच२ मध्ये =$जी२+एच$१ टाका आणि क्यू११ पर्यंत ओढा. खालच्या डाव्या कोपऱ्यात १ आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात १०० आले पाहिजेत. डॉलरची जागा चुकली तर आकडे भलतेच येतील. जी च्या आधी डॉलर, १ च्या आधी डॉलर, बाकी कुठेही नाही.

४. एच२:क्यू११ निवडा, सगळ्याला फिका राखाडी रंग द्या. मग कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, फॉर्म्युला वापरण्याचा पर्याय. तिथे =एच२<=$बी$३ लिहा आणि भरायचा रंग निवडा.

५. आकडे लपवण्यासाठी सगळी चौकट निवडून कंट्रोल+१, कस्टम, आणि तिथे ;;; एवढंच लिहा. सलग तीन अर्धविराम. सेलमधली किंमत शाबूत राहते, फक्त दिसत नाही.

६. पांढरी जाड बॉर्डर सगळ्या बाजूंनी द्या, व्ह्यू मधून ग्रिडलाइन्स बंद करा. जी कॉलम आणि पहिली ओळ यांतली मदतीची अक्षरं पांढरी करा किंवा त्यांनाही ;;; लावा. तो कॉलम आणि ती ओळ मात्र हाइड करू नका, नाहीतर पुढे दुसऱ्या कोणी फाइल उघडली तर त्याला काहीच कळणार नाही.

ओळीऐवजी उभ्या कॉलमने भरायचं असेल तर फॉर्म्युला तसाच ठेवा, फक्त मदतीचे आकडे बदला: वर एच१ ते क्यू१ मध्ये ०, १०, २० ते ९० आणि जी२ ते जी११ मध्ये १०, ९, ८ ते १. बस, भरण्याची दिशा फिरली.

रकाना७

चौकोन खरोखर चौकोनी कसे करायचे ते राहिलं. एक्सेलमध्ये ओळीची उंची पॉइंटमध्ये मोजतात आणि कॉलमची रुंदी अक्षरांत, त्यामुळे दोन्हीकडे २० लिहिलं की आडवे आयत मिळतात.

नेहमीच्या पडद्यावर १ पिक्सेल म्हणजे ०.७५ पॉइंट. फाइलचा मूळ फॉन्ट कॅलिब्री ११ असेल तर २० पिक्सेलच्या चौकोनासाठी रुंदी २.१४ आणि उंची १५. २४ पिक्सेल हवे असतील तर रुंदी २.७१, उंची १८. हिशोब असा: पिक्सेलमधून ५ वजा करा आणि ७ ने भागा, ती रुंदी. तो ७ म्हणजे कॅलिब्री ११ मधल्या अंकाची पिक्सेलमधली रुंदी. नव्या एक्सेलमध्ये मूळ फॉन्ट वेगळा येतो, तिथे हे गणित जुळत नाही. तेव्हा हिशोब सोडा. कॉलमची कड धरून ओढताना छोट्या पट्टीत पिक्सेलचा आकडा दिसतो, तो बघून दहाही कॉलम आणि दहाही ओळी एकत्र निवडून सारख्या करा.

गूगल शीट्समध्ये हा त्रासच नाही. कॉलमवर राइट क्लिक, रिसाइझ, २४. ओळींनाही २४. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये दोन्हीकडे ०.५ सेंटिमीटर.

कोरा_कागद

पांढऱ्या बॉर्डरबद्दल एक भर. ती कंडिशनल फॉरमॅटिंगच्या नियमात देऊ नका, साध्या फॉरमॅटमध्येच द्या. एक्सेलच्या नियमात फक्त बारीक बॉर्डर मिळते, जाड मिळतच नाही. आणि गूगल शीट्सच्या नियमात बॉर्डर हा पर्यायच नाही.

उभाआडवा

एका टक्केवारीचं समजलं. चार गट एकाच चौकटीत दाखवायचे असतील तर चार नियम लावायचे का? पहिला <=३५, दुसरा <=६४ अशी चढती मांडणी करून बघितली, चालते, पण टक्के राउंड केले की बेरीज कधी ९९ तर कधी १०१ होते आणि शेवटचा चौकोन राखाडीच राहतो.

बेरीजवजाबाकी

@उभाआडवा, तुम्ही या तक्त्याच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलंत. रंग भरणं दहा मिनिटांचं काम आहे. कोणाला किती चौकोन द्यायचे हे आधी पक्कं झालं पाहिजे, आणि ते राउंड फंक्शनवर सोडता येत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

समजा एका प्रश्नाला ६४० उत्तरं आली: रोज २२७, कधीकधी १८३, क्वचित १३१, कधीच नाही ९९. टक्केवारी येते ३५.४७, २८.५९, २०.४७, १५.४७. प्रत्येक आकडा वेगळा राउंड केला तर ३५, २९, २०, १५. बेरीज ९९. शंभरावा चौकोन कोणाचाच नाही.

काही जण तो चौकोन शेवटच्या गटाला देऊन टाकतात, म्हणजे शेवटच्या गटाला १०० वजा बाकीची बेरीज. हे करू नका. तीन-चार गटांत चूक एका चौकोनाची असते, पण गट सात-आठ झाले की सगळी तूट किंवा सगळी वाढ त्याच एका गटावर साचते. तो बहुतेक वेळा सर्वांत लहान गट असतो, आणि तिथे दोन चौकोनांचा फरक फार मोठा दिसतो.

योग्य पद्धत म्हणजे सर्वांत मोठ्या बाकीची. आधी प्रत्येकाला फक्त पूर्णांक द्यायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. मग उरलेले चौकोन ज्यांची बाकी मोठी त्यांना एकेक करून वाटायचे. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १७९२ साली अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांमध्ये वाटण्यासाठी हीच पद्धत सुचवली होती. जागा असोत की चौकोन, प्रश्न एकच: पूर्ण संख्येतच वाटायचं आणि बेरीज ठरलेलीच यायला हवी.

मांडणी: ए२:ए५ मध्ये नावं, बी२:बी५ मध्ये मूळ संख्या. टक्के नकोत, संख्याच. पहिली ओळ शीर्षकांची.

सी२: =कोशंट(बी२*१००,सम(बी$२:बी$५))
डी२: =मॉड(बी२*१००,सम(बी$२:बी$५))
ई२: =सी२+इफ(रँक(डी२,डी$२:डी$५)+काउंटइफ(डी$२:डी२,डी२)-१<=१००-सम(सी$२:सी$५),१,०)
एफ२: =सम(ई$१:ई१)

चारही पाचव्या ओळीपर्यंत ओढा. सी मध्ये ३५, २८, २०, १५ येतील, बेरीज ९८, म्हणजे दोन चौकोन वाटायचे उरले. डी मध्ये बाकी येईल ३००, ३८०, ३००, ३००. ई मध्ये ३६, २९, २०, १५, बेरीज बरोबर १००. एफ मध्ये प्रत्येक गट किती चौकोनांनंतर सुरू होतो ते: ०, ३६, ६५, ८५. ई१ मध्ये शीर्षक असल्यामुळे सम त्याला मोजत नाही आणि पहिलं उत्तर शून्य येतं. ई१ मध्ये चुकून एखादा आकडा असेल, अगदी वर्ष लिहिलेलं असेल तरी, सगळी चौकट सरकेल.

आता चौकटीत एच२ ला:

=मॅच($जी२+एच$१-१,$एफ$२:$एफ$५,१)

क्यू११ पर्यंत ओढा. प्रत्येक सेलमध्ये १ ते ४ यांपैकी गटाचा क्रमांक येतो. मग चार सोपे नियम: किंमत १ असेल तर हा रंग, २ असेल तर तो. एकमेकांवर चढणारे <= चे नियम नकोत, त्यांचा क्रम बदलला की रंग बदलतात. इथे क्रमाला काही महत्त्व उरत नाही.

एखाद्या गटाला शून्य चौकोन आले तरी हे मोडत नाही. तेव्हा एफ मध्ये एकच आकडा लागोपाठ दोनदा येतो, आणि शेवटी १ दिलेलं मॅच त्यातला शेवटचा धरतं, म्हणजे शून्याचा गट आपोआप ओलांडला जातो.

तिरकी_रेघ

कोशंट आणि मॉड कशासाठी? टक्के काढून इंट लावलं तरी पूर्णांक मिळतोच की. आणि ई२ मधलं ते काउंटइफ काय करतंय?

बेरीजवजाबाकी

दोन्हीचं उत्तर याच उदाहरणात आहे. तीन गटांची बाकी अगदी सारखी आहे, ३००. नुसतं रँक लावलं तर क्रमांक येतात २, १, २, २. वाटायचे दोन चौकोन, म्हणजे क्रमांक २ पर्यंत सगळ्यांना एकेक, आणि चौघांनाही मिळून बेरीज १०२ होते. १०० च्या पुढचे चौकोन चौकटीत मावत नाहीत, म्हणून शेवटच्या गटाचे दोन कापले जातात. कसलाच एरर येत नाही. आपल्या वरच्या ओळींत तीच बाकी किती वेळा येऊन गेली ते काउंटइफ मोजतं आणि क्रमांक २, १, ३, ४ असे वेगळे करतं. बरोबरी झाली तर यादीत वर असलेल्याला चौकोन जातो.

कोशंट-मॉड यासाठी की हे सगळं पूर्णांकात राहतं. टक्केवारी काढली की शीट ती बायनरी अपूर्णांकात साठवते, आणि २२७/६४० सारखा भागाकार त्यात तंतोतंत बसत नाही. मग कागदावर सारख्या असलेल्या दोन बाक्या पंधराव्या-सोळाव्या अंकाला वेगळ्या निघू शकतात आणि चौकोन कोणाला जाईल ते त्या कचऱ्यावर ठरतं. पूर्णांकात बरोबरी ही खरी बरोबरी असते.

याच कारणासाठी चौकटीतही ०.०१ पासून सुरू करून प्रत्येक सेलला आधीचा अधिक ०.०१ असं करू नका. बेरजेची बारीक चूक साचत जाते आणि नेमका सीमेवरचा चौकोन रंगत नाही. १ ते १०० हे पूर्णांकच ठेवा.

तिरकी_रेघ

पटलं. पण मग "रोज" ला ३६ चौकोन आणि "क्वचित" ला २०, दोघांचाही अपूर्णांक .४७ असताना? पाहणाऱ्याला हे कळणार कसं?

बेरीजवजाबाकी

चौकोनांवरून नाहीच कळणार, म्हणून शेजारच्या सूचीत खरी टक्केवारी लिहायची, चौकोनांची संख्या नाही. सूचीसाठी =ए२&" "&टेक्स्ट(बी२/सम(बी$२:बी$५),"०.०%") पुरे, इथेही शून्य रोमन अंकातलं. "रोज ३५.५%" असं दिसेल आणि आकडा बदलला की सूचीही बदलेल. खाली एक ओळ टाका: एक चौकोन सुमारे १ टक्का, एकूण उत्तरं ६४०. एकूण संख्या लिहिल्याशिवाय वॉफल चार्ट देऊच नये असं माझं मत आहे. शंभर चौकोन पाहून लोक शंभर माणसं समजतात.

आणि दोन महिन्यांच्या चौकटी शेजारी ठेवल्या तर एका चौकोनाच्या फरकावर काही बोलू नका. तो नुसत्या वाटणीतूनही येतो. एका गटाची संख्या बदलली की दुसऱ्या कोणाच्या तरी बाकीचा क्रमांक सरकतो.

पायरीपायरीनं

एक प्रश्न नेहमी येतो, तो इथेच निकालात काढू. एका माणसाला एकाहून जास्त पर्याय निवडता येत असतील तर टक्केवारीची बेरीज १०० च्या वर जाते. ती एका चौकटीत बसत नाही, आणि तिला ओढून १०० ला आणणं म्हणजे आकडे बदलणं. अशा वेळी प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र छोटी चौकट करा, प्रत्येकीत एकच रंग. १२ पिक्सेलचे चौकोन घेतले तर एका पानावर सहा चौकटी आरामात बसतात.

०.४ टक्के असेल तर? शून्य चौकोन. "निदान एक तरी दाखवू" म्हणून एक दिला तर तो गट अडीच पट मोठा दिसतो. एवढ्या लहान संख्येसाठी चौकटच बदला: २५ ओळी आणि ४० कॉलम, १००० चौकोन, ०.४ टक्के म्हणजे ४ चौकोन. वरच्या फॉर्म्युल्यांत १०० च्या जागी १००० घ्या. मदतीच्या ओळीत १ ते ४० लिहा आणि मदतीच्या कॉलममध्ये ९६०, ९२०, ८८० असं ४० ने उतरत ० पर्यंत.

रकाना७

अपूर्णांकच दाखवायचा असेल तर डेटा बारने (सेलमध्ये किमतीएवढी भरणारी पट्टी) जमतं, पण फक्त एका टक्केवारीसाठी. बी३ मध्ये राउंड न करता =बी२*१०० ठेवा. एच२ मध्ये:

=मॅक्स(०,मिन(१,$बी$३-($जी२+एच$१-१)))

३७.४ असेल तर पहिल्या ३७ सेलमध्ये १, अडतिसाव्यात ०.४, पुढे सगळीकडे ०. आता कंडिशनल फॉरमॅटिंगमधून डेटा बार, मोअर रूल्स. फक्त बार दाखवा यावर खूण, सॉलिड फिल, मिनिमम ला नंबर ०, मॅक्सिमम ला नंबर १. ऑटोमॅटिक ठेवलं तर जास्तीत जास्त किंमत सेलमधूनच घेतली जाते, आणि ०.४ टक्के दाखवताना तो एकटा सेल पूर्ण भरलेला दिसतो. बार सेलच्या कडेपासून थोडी जागा सोडतो, त्यामुळे बारीक बॉर्डरही पुरते.

बार डावीकडून उजवीकडे वाढतो, म्हणून हे ओळीने भरणाऱ्या चौकटीतच शोभतं. कॉलमने भरलं तर अर्धवट चौकोन आडवा कापलेला दिसतो आणि नजर अडखळते.

गूगल शीट्समध्ये डेटा बार नाहीत. तिथे सेलमध्ये छोटा चार्ट काढणारं स्पार्कलाइन फंक्शन वापरून बार प्रकार आणि मॅक्स १ द्यावं लागतं. शंभर स्पार्कलाइन्स म्हणजे शीट जड होते. तिथे मी पूर्णांकच सुचवीन.

उभाआडवा

ही चौकट सादरीकरणात न्यायची आहे. सेल कॉपी केले की तिकडे टेबल होऊन बसतं आणि चौकोन पसरतात.

कोरा_कागद

दोन मार्ग आहेत. त्याच फाइलच्या डॅशबोर्डवर हवं असेल तर चौकट कॉपी करून पेस्ट स्पेशलमधला लिंक्ड पिक्चर निवडा. मूळ आकडा बदलला की चित्रही बदलतं. त्याआधी ग्रिडलाइन्स बंद करा, नाहीतर त्या चित्रात उतरतात. सादरीकरणात साधं पिक्चर म्हणून पेस्ट करा, आकार बदलताना कोपरा धरून ओढा. ते चित्र मात्र स्थिर राहणार, आकडा बदलला की पुन्हा पेस्ट करावं लागेल.

खरा चार्टच हवा असेल तर खालची रीत. करायला जास्त वेळ लागतो, पण लहान-मोठा केला तरी चौकोन त्याबरोबर बदलतात.

एस२ ते एस११ मध्ये १०, २० ते १०० लिहा. टी१ ते डब्ल्यू१ मध्ये चार गटांची नावं. टी२ मध्ये:

=मॅक्स(०,मिन($एस२,$एफ$२+$ई$२)-मॅक्स($एस२-१०,$एफ$२))

यू२ मध्ये हेच, पण एफ आणि ई ची ओळ ३, व्ही२ मध्ये ४, डब्ल्यू२ मध्ये ५. सगळे अकराव्या ओळीपर्यंत ओढा. प्रत्येक ओळीची बेरीज १० आली पाहिजे. वरच्या उदाहरणात एस मध्ये ४० असलेल्या ओळीत ६ आणि ४, ७० असलेल्या ओळीत ० नंतर ५ आणि ५.

आता टी१:डब्ल्यू११ निवडून स्टॅक्ड कॉलम चार्ट घाला. एस कॉलम निवडीत घेऊ नका, तो पाचवा गट म्हणून चढू शकतो. उभ्या अक्षाची मर्यादा ० ते १० पक्की करा, गॅप विड्थ ० करा. अक्ष काढून टाकण्यापेक्षा त्याची लेबलं आणि रेघ नाहीशी करा, मर्यादा तुमच्या हातात राहते.

मग शेप्समधून एक पांढरा चौकोन काढा, कडेची रेघ नको. त्याच्या मधोमध थोडा लहान रंगीत चौकोन ठेवा, दोन्ही ग्रुप करून कॉपी करा. चार्टमधला एक गट निवडून पेस्ट करा. फिलमध्ये स्टॅक अँड स्केल विथ निवडा आणि युनिट्स पर पिक्चर १ ठेवा. त्या कॉलममधल्या प्रत्येक एककाला एक चौकोन मिळतो. चार गटांसाठी चार रंगांचे चौकोन. नुसतं स्ट्रेच राहिलं तर एकच लांबट पट्टी दिसते, इथेच बहुतेक जण अडकतात. चौकोनाऐवजी माणसाची आकृती ठेवली तरी चालते.

तिरकी_रेघ

स्कॅटर चार्टनेही होतं: आडवा अक्ष मॉड(क्रमांक-१,१०)+१, उभा इंट((क्रमांक-१)/१०)+१, गट जुळत नसेल तिथे एनए(), मार्कर चौकोनी, दोन्ही अक्ष ०.५ ते १०.५. पण मार्करचा आकार पॉइंटमध्ये ठरलेला असतो. चार्ट मोठा केला की चौकोन तेवढेच राहतात आणि मधली फट वाढते. @कोरा_कागद यांची रीत त्यापेक्षा बरी.

शंभर_घरं

+१. आणि नुसत्या मजकुरात हवं असेल तर रिपीट करणारं रेप्ट फंक्शन आहे. एच आणि क्यू च्या चौकटीऐवजी एकाच कॉलममध्ये दहा सेल घ्या, जी मध्ये ९० ते ० तसेच ठेवा:

=रेप्ट("■",मॅक्स(०,मिन(१०,$बी$३-$जी२)))&रेप्ट("□",१०-मॅक्स(०,मिन(१०,$बी$३-$जी२)))

काही फॉन्टमध्ये ■ आणि □ ची रुंदी वेगळी असते आणि उजवी कड दातेरी होते. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असणारा फॉन्ट घ्या. फॉर्म्युल्याच्या सेलमध्ये अक्षरांना दोन रंग देता येत नाहीत, त्यामुळे हे दोन गटांपुरतंच ठीक.

पायरीपायरीनं

रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. लाल-हिरवा एकत्र नको, बऱ्याच लोकांना ते वेगळे दिसत नाहीत. चार गटांसाठी हे आकडे वापरा, क्रम लाल, हिरवा, निळा: निळा ०, ११४, १७८. नारिंगी २३०, १५९, ०. हिरवट ०, १५८, ११५. आकाशी ८६, १८०, २३३. हे रंगांधळेपणाचा विचार करून निवडलेल्या ओकाबे-इतो संचातले आहेत. रिकाम्या चौकोनांसाठी २१७, २१७, २१७.

चारच्या वर गट असतील तर हा तक्ताच सोडा, आडवे बार करा. सहा रंगांचे तुकडे मोजत बसायला कोणालाही वेळ नसतो.

छपाईत सगळे चौकोन पांढरे आले तर पेज सेटअपच्या शीट टॅबमध्ये ब्लॅक अँड व्हाइट वर खूण आहे का ते बघा. ती असली की भरलेले रंग छापले जात नाहीत.

उभाआडवा

चौकट बनली, बेरीज १०० येते. पण आता नवीनच काहीतरी: एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली आणि नियमांच्या यादीत चारचे अकरा नियम दिसताहेत. काही चौकोन जुन्याच रंगात अडकले आहेत.

बेरीजवजाबाकी

सेल कॉपी-पेस्ट केले की त्यांच्याबरोबर कंडिशनल फॉरमॅटिंगही येतं, आणि एक्सेल मूळ नियमाचे तुकडे करून ठेवतं. मॅनेज रूल्समध्ये जाऊन वर धिस वर्कशीट निवडा आणि ॲप्लाइज टू हा रकाना वाचा. एच२:क्यू११ असं एकसंध न दिसता एच२:क्यू४, एच६:क्यू११ असे तुकडे दिसतील. एकेक जोडत बसू नका. चौकट निवडून क्लिअर रूल्स करा आणि चारही नियम नव्याने लावा. पुढे चौकटीत काही चिकटवायचं झालं तर पेस्ट स्पेशलमधून फक्त फॉर्म्युले.

नियम लावताना आणखी एक चूक होते: फॉर्म्युल्याचा नियम लिहिताना चालू सेल एच२ नसून क्यू११ असतो, कारण चौकट खालून वर ओढून निवडलेली असते. मग =एच२<=$बी$३ हा फॉर्म्युला क्यू११ ला लागतो आणि बाकीचे सगळे सरकतात. नेहमी वरच्या डाव्या सेलपासून निवड करा. किंमत १, २, ३, ४ अशा साध्या नियमांत हा धोका नाही, म्हणून एका टक्केवारीसाठीसुद्धा मी मॅचचीच मांडणी वापरीन: दोन गट, "हो" आणि "बाकी".

रकाना७

कॅल्क वापरणाऱ्यांसाठी: तिथे नियमात थेट रंग देता येत नाही, सेल स्टाइल निवडावी लागते. आधी गट१ ते गट४ अशा चार स्टाइल करा, प्रत्येकीत पार्श्वभूमी, पांढरी बॉर्डर आणि ;;; हा नंबर फॉरमॅट तिन्ही ठरवा. मग फॉरमॅट, कंडिशनल, कंडिशन. हे एका अर्थी सोयीचंच आहे, रंग बदलायचा झाला तर फक्त स्टाइल बदलायची. वरचे सगळे फॉर्म्युले तिथे जसेच्या तसे चालतात.

उभाआडवा

नियम काढून पुन्हा लावले, चार नियम, ॲप्लाइज टू एच२:क्यू११. बी३ मधला १८३ बदलून १९० केला, चौकोन झाले ३५, २९, २०, १६. "कधीकधी" वाढला तरी त्याचे २९ च राहिले आणि "कधीच नाही" ला एक जास्त मिळाला. हे बरोबर आहे ना?

बेरीजवजाबाकी

तपासून बघू. एकूण ६४७. बी२*१०० म्हणजे २२७००, भागिले ६४७: ३५, बाकी ५५. १९०००: २९, बाकी २३७. १३१००: २०, बाकी १६०. ९९००: १५, बाकी १९५. पूर्णांकांची बेरीज ९९, एकच चौकोन उरतो आणि सर्वांत मोठी बाकी २३७ "कधीकधी" ची आहे. म्हणजे उत्तर ३५, ३०, २०, १५ यायला हवं. तुमच्या शीटमध्ये तो चौकोन शेवटच्या गटाला गेलाय. ई कॉलम बघा, ई५ मध्ये फॉर्म्युल्याऐवजी जुनं =१००-सम(ई२:ई४) राहिलंय का? आणि ई३ मध्ये काय आहे तेही इथे टाका.

उभाआडवा

ई५ मध्ये तेच होतं. आणि ई२ मध्ये डी$२:डी$५ च्या जागी डी२:डी५ होतं, ते ओढताना ई३ मध्ये डी३:डी६ असं सरकलं, डी६ मधली माझी बेरीजही रँकमध्ये आली आणि काउंटइफची सुरुवातही चुकली. ई२ दुरुस्त करून खालपर्यंत पुन्हा ओढलं. आता ३५, ३०, २०, १५.